द्वारपालाचं शाबूत नाक

काय सांगू तुम्हाला! पीएच.डी.ला काय काय लागतं, असं कुणी विचारलं की मी आधी चहा मागवते. कारण उत्तरात माझीच फजिती आहे, आणि ती कोरड्या घशानं सांगता येत नाही.

लागतं काय? विषय लागतो, मार्गदर्शक लागतात, टाईप करून बांधलेला प्रबंध लागतो आणि शेवटी बाहेरगावच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. माझा विषय होता नाशिकजवळच्या डोंगरातल्या लेण्यांची शिल्पं. म्हणजे फोटो हवेतच. ऐंशीच्या आसपासचा काळ, माझ्याकडे कुठला कॅमेरा? मेन रोडला मधुभाऊंचा स्टुडिओ होता, आमच्या वसाहतीतल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यांचेच. त्यांना घेऊन डोंगर चढले.

फोटो काय आले म्हणता! अंधाऱ्या लेण्यातला एक द्वारपाल, त्याचं नाक तुटलंय असं आधीच्या सगळ्या अभ्यासकांनी लिहिलेलं, तो माझ्या फोटोत चक्क धारदार नाक घेऊन उभा! मी तिथे कितीदा गेले होते, पण लक्ष सगळं टेपनं मापं घेण्यात. मला वाटलं, अंधारात कुणालाच दिसलं नाही, ते फ्लॅशनं दाखवलं. झालं! त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. 'प्रत्यक्ष निरीक्षणान्ती नाक शाबूत असल्याचे आढळते.' बघा, 'प्रत्यक्ष'!

तिकडे आईनं वसाहतभर सांगून ठेवलेलं, "माझी पोरगी डॉक्टर व्हनार हाय. सुई टोचणारी नाय, लय मोठी." बायका पेढ्यांची वाट बघत होत्या. पदवी हुकली असती, तर मी त्या गल्लीतून कुठल्या तोंडानं चालले असते?

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"बाई, मी पाहिला तेव्हा याला नाक नव्हतं."

"आहे सर! माझा तोच तर मुद्दा आहे."

"असं? मग चला, बघून येऊ."

माझ्या मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. रिक्षा केली, पायऱ्या चढलो, परीक्षकांनी टॉर्च मारला. कुठलं नाक? तिथे नुसता खळगा!

उतरलो ते तिघंही थेट स्टुडिओत. मधुभाऊ एकदम खूश.

"आवडलं ना, सर? ब्रशनं टचिंग केलंय. एवढा देखणा माणूस, त्याला बिनानाकाचा कसा देऊ? ताई, तुमच्या बहिणीच्या लग्नात काकांचे दातसुद्धा मीच बसवले होते की!"

"आणखी कुठे कुठे केलंत?" मी रडवेली.

"जिथं जिथं लागलं तिथं!"

परीक्षक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "नापास करत नाही. पण आता फोटो नकोत. मूर्तीसमोर बसा, स्वतः चित्रं काढा, ते प्रकरण नव्यानं लिहा. मग सही करतो."

खरं सांगते, फार लाज वाटली. ज्याच्यावर इतकी वर्षं लिहिलं, त्याच्या तोंडाकडे मी एकदाही धड पाहिलं नव्हतं. त्याची उंची मात्र मला झोपेतही सांगता आली असती. मधुभाऊंवर तरी कशाला चिडायचं? त्यांनी जे केलं ते मायेनं केलं होतं.

मग मी रोज जाऊन बसू लागले. नाक तुटकं काढलं, कानही तुटका. डावा हात फोटोत धडधाकट होता, पण इथे सावलीत काहीच दिसत नव्हतं. पण आता मी फसणार होय? हातही तुटका काढला. चित्रं घेऊन परीक्षकांच्या गावी गेले. त्यांनी सहीसाठी पेन उघडलं, आणि ते थबकले.

"नाक बरोबर आहे. पण बाई, याचा डावा हात कुठे गेला?"

"तो मधुभाऊंचा, सर!" मी ठसक्यात म्हणाले.

"तो दगडाचा आहे. त्या दिवशी मी स्वतः हात लावून पाहिलाय. तुम्ही टॉर्च नेला नव्हता का?"

"नेला होता, सर. पण लावला नाही. मला माहीतच होतं ना!"

सरांनी पेनाला टोपण लावलं.