घरचं बियाणं

भाताच्या पेंढ्याचा वास आला की तो दिवस उभा राहतो. आम्ही नवराबायकोनं ओटीवर पेंढ्यात बांधून ठेवलेला बियाण्याचा मुडा सोडला, ती सुपात घरचं भात पाखडू लागली. तेवढ्यात धाकटा भाऊ महाडातनं नव्या बियाण्याची पिशवी घेऊन आला. "वयनी, ह्ये दुप्पट पिकतं." "आणि ह्याचं खत? ते येतं घाटावरनं. दरड पडून रस्ता बंद झाला तर तुझ्या भाताला काय भरवू, भावजी?" ती हसली. दुपारी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. संध्याकाळी तिला नदीकाठी जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूप उचललं. भाऊ आडवा आला, "दादा, सुतकात पेरणी? धा दिवस थांब, मग माझंच पेरू." आभाळ तर भरून आलेलं. "सुतक मला हाय, बियाण्याला नाय," म्हटलं, आणि रोपांसाठी भाजलेल्या राबाच्या वाफ्यात तिनं पाखडलेलं सगळं भात पेरून टाकलं.