दोन राज्यांचे तारे

बाल्टिमोरच्या बंदराजवळ डेलापसाहेबांचा झेंड्यांचा कारखाना होता. तिथे मी एकतीस वर्षं कापड कापलं. चांगले कामगार बरेच पाहिले. विल्मा झारेम्बासारखी बाई एकच पाहिली.

ती हातशिलाईच्या टेबलावर बसायची. टेबलावर चौघी होत्या, बाकी कारखाना मशीनचा. विल्मा स्वभावाने काही गोड नव्हती. तिच्या कात्रीला कोणी हात लावला तर आठवडाभर बोलायची नाही. पण तिचा टाका बघावा. मी कापलेल्या ताऱ्याच्या पाचही टोकांची तिने कधी बोथट गाठ होऊ दिली नाही.

दर चार वर्षांनी वॉशिंग्टनहून एक काम यायचं. नवा अध्यक्ष शपथ घेतो तेव्हा त्याच्या मागे पाच मोठे झेंडे उभे टांगतात. मधला आजचा. दोन टोकांचे सर्वांत जुने, तेरा ताऱ्यांचे. आणि मधल्याच्या दोन बाजूंना असे दोन, की ज्यांवर नव्या अध्यक्षाचं राज्य देशात सामील झालं तेव्हा जितके तारे होते तितकेच तारे. म्हणजे निवडणूक नोव्हेंबरात, शपथ वीस जानेवारीला, आणि माणूस ठरल्याशिवाय या दोन झेंड्यांवर एक तारा लावता येत नाही.

त्या वर्षी माणूसच ठरेना. एक उमेदवार नेवाडाचा, एक विस्कॉन्सिनचा. एका राज्यात मतं इतकी जवळ आली की परत मोजायला घेतली.

त्यातच वॉशिंग्टनच्या समितीचं पत्र आलं. झेंडे एकोणतीस डिसेंबरला हवेत. जमत नसेल तर कॅरोलायनातला एक मोठा कारखाना मशीनवर तीन दिवसांत देतो म्हणतो. डेलापसाहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगितलं, "हे काम गेलं तर मला हे टेबल ठेवता येणार नाही. चौघींनाही नाही."

मग विल्माकडे वळून म्हणाले, "नेवाडावाला पुढे आहे. छत्तीस तारे. आजपासून लाग."

"ठरलं का?"

"ठरल्यासारखंच आहे."

"आणि विस्कॉन्सिनवाला आला तर?"

"तर उसवू आणि तीस लावू. त्यात काय!"

विल्माने निळ्या कापडाचा एक तुकडा घेतला, त्यावर एक तारा शिवला. आम्ही सगळे चाळीस मिनिटं उभे. मग तिने तो टाका-टाका उसवला आणि तुकडा खिडकीवर धरला. निळ्यात उजेडाचा तारा दिसत होता. सुईची सगळी भोकं.

"दीडशे फुटांवरून कोणाला दिसणार आहे, बाई?" साहेब म्हणाले.

"मला दिसतंय."

"तुला तिथे बोलावलंय कुणी?" मशीनवरची टिली म्हणाली. आम्ही हसलो. विल्मा हसली नाही.

तिने सांगितलं ते असं. पट्टे इतर बायकांनी शिवून ठेवावेत, ते दोन्हींना सारखेच. निळे चौकोन मात्र तिने चार करायचे, दोन नेवाडाचे, दोन विस्कॉन्सिनचे, आणि निकाल लागेपर्यंत पट्ट्यांना काहीच जोडायचं नाही. मी हिशेब केला. तारे दोन्ही बाजूंनी लागतात. नेवाडाचे एकशे चव्वेचाळीस, विस्कॉन्सिनचे एकशे वीस. एकूण दोनशे चौसष्ट. पूर्वी ती दिवसाला बारा लावायची. आता उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला होता, डॉक्टरने डिसेंबरात ऑपरेशन सांगितलं होतं. सहाच्या वर जात नव्हती.

"इतर तिघींना तारे दे," मी म्हणालो.

"त्यांच्याकडे बाकीचे तीन झेंडे आहेत. आणि एका झेंड्याला एकच हात, क्लाइड. दोघींचा ताण सारखा नसतो. वाऱ्यात कापड चुण्या दाखवतं."

हे खरं होतं. मला माहीत होतं, तरी बोललो.

साहेबांनी शेवटी मान डोलावली. "दोन्हींच्या नादात एकही पुरा झाला नाही तर मी काय तोंड दाखवू?"

"माझ्याकडे बोट दाखवा."

दहा नोव्हेंबरला ती बसली. तीन तारे नेवाडाचे, तीन विस्कॉन्सिनचे. रोज. कोणाच्या बाजूने एकही जास्त नाही. मी दोन्हींचे सगळे तारे एकदम कापून दोन खोक्यांत ठेवले होते. ती सकाळी दोन्हींतून मोजून घ्यायची.

टिलीला मजा वाटायची. विल्माने मत नेवाडावाल्याला दिलं होतं, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्यावरून दोघींचं भांडण झालं होतं.

"अगं, तुझ्या माणसाला एक तारा तरी जास्त लाव. कोण बघतंय?"

"तू तुझी शिवण बघ. वाकडी जातेय."

वाकडी जात होतीच.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या दिवशी तिने आम्हाला टर्की आणि आंबट कोबी घालून पाव आणले. स्वतः खाल्ला नाही. अंगठ्याला पट्टी होती आणि पाव हातात धरवत नव्हता. ऑपरेशनची तारीख विचारली तर म्हणाली, "पुढे ढकलली." दोरा ओवून देतो म्हणालो, तर सुई माझ्यापासून लांब धरली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेब वर्तमानपत्र नाचवत आले. मोठ्या अक्षरांत नेवाडावाल्याचं नाव होतं.

"झालं! विल्मा, आता सगळा जोर छत्तीसवर. विस्कॉन्सिन गुंडाळून ठेव."

"मोजणी संपली का?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे नाही."

"बाई, तुझाच माणूस जिंकतोय, आणि तू..."

"साहेब, तो जिंकला की सांगा. तोवर माझा वेळ जातोय."

साहेब लाल झाले. त्या दिवशी त्यांना तिला हुकूम देता आला असता. कारखाना त्यांचा होता. पण त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि परत गेले. माझ्या मते हुकूम न देणं हेही थोडं कामच झालं.

चौदा तारखेला निकाल लागला. विस्कॉन्सिनवाला.

 विल्माने हातातला तारा पुरा केला. तो नेवाडाचा होता. मग दोन्ही खोक्यांतले उरलेले मोजले. दोन्हींचे बहात्तर-बहात्तर लागले होते. विस्कॉन्सिनचे अठ्ठेचाळीस बाकी. नेवाडाचं खोकं तिने टेबलाखाली सरकवलं.

"आठ दिवस," ती म्हणाली. "नाताळ आणि शनिवार-रविवार सोडून."

तिचं मत हरलं होतं.  टिली चिडवायला उठली होती, ती विल्माचा अंगठा पाहून परत बसली, आणि दुपारी तिच्यासाठी कॉफी घेऊन आली.

नुसतं नेवाडाच धरून बसली असती तर त्या दिवशी विस्कॉन्सिनचे एकशे वीस तारे बाकी असते. वीस दिवसांचं काम. हातात कामाचे नऊ.

सत्तावीस तारखेला शेवटचा तारा लागला. अठ्ठावीसला चौकोन पट्ट्यांना जोडले. एकोणतीसला समितीच्या बाई आल्या. उंच, चष्मा लावलेल्या. त्यांनी झेंडा टेबलावर पाहिला नाही. तो खिडकीवर धरायला लावला. मी एक टोक धरलं, साहेबांनी दुसरं. बाई जवळ जाऊन निळा भाग बोटभर-बोटभर पाहत गेल्या. मग दुसरा.

"हे उसवून केलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही," साहेब म्हणाले. "आम्ही दोन्ही राज्यांचे करत होतो."

"आम्ही?" टिली मागून म्हणाली.

साहेब खाकरले. "ही विल्मा करत होती."

बाईंनी सही केली. पुढच्या वेळचं काम इथेच राहील असं लिहून दिलं. टेबल राहिलं. चौघीही.

दोन जानेवारीला मी लवकर गेलो. विल्मा आधीच बसलेली होती. समोर निळा चौकोन आणि नेवाडाचं खोकं.

"अगं, आता कशाला? ऑपरेशनला जा."

"बहात्तर राहिलेत."

"तो हरला, विल्मा. हा कोणी टांगणार नाही."

"तू कापलेस ना हे?"

"कापले."

"मग फेकू?"

 एकशे चव्वेचाळीस तारे मी टोकं सांभाळून कापले होते. कापणाऱ्याचा माल कुठे जातो हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टर रागावला असेल. मलाही तो मूर्खपणा वाटला, आजही थोडा वाटतो. आता ती दिवसाला चारच लावायची.

वीस जानेवारीला साहेबांनी ऑफिसातला टीव्ही बाहेर आणला. नवा अध्यक्ष हात वर करून उभा राहिला, मागे आमचे झेंडे दिसले. टिलीने टाळ्या वाजवल्या. विल्माला हाका मारल्या तेव्हा ती सुई कापडात टोचून आली. बघितलं.

"डावीकडचा इंचभर खाली टांगलाय," ती म्हणाली, आणि जाऊन बसली.

नेवाडा पंचवीस तारखेला पुरा झाला. खोकं रिकामं करून तिने मला परत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला गेली.