भिंतीवरच्या टोपीची गोष्ट

घरात तिला सगळे वकील म्हणत. खरं तर ती राज्यशास्त्र शिकत होती, दुसऱ्या वर्षाला, आणि कायद्याचं पुस्तक तिनं कधी हातातही धरलं नव्हतं. पण चौथीत असताना ‘झोपायची वेळ कुणी ठरवली आणि कुणाला विचारून ठरवली’ असा मुद्दा तिनं आईपुढे मांडला होता, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. ठेवलं होतं काकानं. तो तर नुसतं वकीलही म्हणत नसे, वकीलसाहेब म्हणे.

काका म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारे. त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं जणू काकाकडे गेलं होतं. काका सात तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावात राहायचा. धंद्यानं रंगारी. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, आणि निवडणूक आली की उमेदवारांची तोंडं. दरवर्षी परीक्षा संपली की हे तिघं पंधरा दिवस काकाकडे जात. वकिलासाठी उन्हाळा म्हणजे समुद्र नव्हे, डोंगर नव्हे. उन्हाळा म्हणजे काकाच्या घरी जेवणं उरकल्यावरची ती लांबलचक दुपार, पंख्याखाली पसरलेली माणसं आणि मधोमध मांडी घालून बसलेला काका.

तिथं टोपीची गोष्ट व्हायचीच. बसस्टँडसमोरच्या भिंतीवर एका उमेदवाराचं चित्र काकानं काढलं होतं. पुढच्या निवडणुकीत तोच माणूस दुसऱ्या पक्षातून उभा राहिला, त्याच्या पुढच्या वेळी तिसऱ्या. काकानं चेहऱ्याला हात लावला नाही, फक्त टोपीचा रंग बदलला. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः भिंत पाहायला आले. काका शिडीवरून म्हणाला, “साहेब, टोपीला हात लावू नका, अजून ओली आहे.” आणि साहेबांनी घाईघाईनं आपल्या डोक्यावरची टोपी काढून बोटानं चाचपून पाहिली! इथं काका स्वतःच्या डोक्यावर ताटली ठेवून ती अशी काही चाचपायचा की हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची. वडीलसुद्धा हसायचे, आणि ते वर्षातून तेवढंच.

वकीलही गोष्टी जुळवायची. कॉलेजातल्या, बसमधल्या. काका डोळे मिटून ऐकायचा. गोष्ट साफ फसली तर काहीच म्हणत नसे, पाणी मागायचा. गोष्टीत दम असला तर म्हणायचा, “पुन्हा सांग. या वेळी हळू.” एवढं ऐकण्यासाठी ती वर्षभर विनोद साठवून ठेवत असे.

आता राजकारणाचं खूळ कुणाच्या डोक्यात कधी शिरेल याचा काही नेम नसतो. छापील फलक आले, भिंतीवरची तोंडं बंद झाली, काकाच्या हातात मोकळा वेळ आला आणि मोकळ्या वेळात स्मार्टफोन आला. आयुष्यभर सगळ्या पक्षांना सारख्याच ब्रशनं रंगवणारा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका पक्षाचा कट्टर झाला. ऑनलाइन चर्चांमध्ये तो पानपानभर लिहू लागला. त्याच चर्चांमध्ये वकीलही होती, ‘तिरपी रेघ’ या नावानं. हे नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. मोठी वाघीण होती ती तिथं. अनोळखी लोकांना एका वाक्यात गार करायची आणि मग हसऱ्या तोंडांची चिन्हं किती आली ते बघत बसायची. परीक्षेच्या महिनाभर आधी अशाच एका भांडणात काका उतरला. खऱ्या नावानं, खऱ्या फोटोसकट. त्यानं लिहिलं, “मी तीस वर्षं एकाच विचाराचा माणूस आहे. माझ्या निष्ठेवर बोट ठेवायचं काम नाही.”

तिला वाक्य सुचलं. सुचलेलं वाक्य गिळणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिनं लिहिलं, “या गृहस्थांनी एकाच चेहऱ्यावर तीन पक्षांच्या टोप्या रंगवल्यात. यांच्या निष्ठेला खरंच हात लावू नका, अजून ओली आहे.”

संध्याकाळपर्यंत चार हजार माणसं हसली. नुसती हसली असती तरी चाललं असतं. खाली कुणी लिहिलं, ‘भाडोत्री ब्रश’. कुणी काकाच्या दुकानाचा फोटो हुडकून आणला आणि त्याच्या वाकड्या शटरची टर उडवली. कुणी त्याच्या टकलावरही टोपी रंगवून दिली.  दुसऱ्या दिवशी काकाचं नाव त्या चर्चेतून नाहीसं झालं. तेव्हा कुठे वकिलाच्या लक्षात आलं की टोपीची गोष्ट काकानं घराबाहेर कधी कुणाला सांगितली नव्हती. साहेबांची अब्रू नको जायला, म्हणून.

आठवड्यानं काकाचा वडिलांना फोन आला. यंदा येऊ नका, घरात रंगकाम काढलंय.

“रंगाऱ्याच्या घरी रंगकाम!” आई म्हणाली. “वीस वर्षांत सुचलं नाही ते.”

वडील काही बोलले नाहीत, वीस वाक्यं संपली असावीत. वकील ताटातला घास चिवडत बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

तिनं ते वाक्य पुसून टाकलं. पण लोकांनी ते उचललं होतं. ते दुसऱ्याच कुणाच्या नावानं फिरत होतं. एक दिवस सरांनी राजकीय विनोदाचा उत्तम नमुना म्हणून ते वर्गात वाचून दाखवलं. सगळा वर्ग खदखदून हसला आणि ती मान खाली घालून वहीत बघत राहिली. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘विनोद हे दुबळ्यांचं शस्त्र आहे’. त्या दिवशी त्या चर्चेत दुबळं कोण होतं? ‘तिरपी रेघ’ला ना चेहरा होता ना दुकान. तिच्या समोरचा माणूस मात्र शटरसकट उभा होता. तिनं त्या ओळीवर काट मारली, पण दुसरी ओळ काही सुचली नाही.

परीक्षा संपली. मैत्रिणींनी समुद्रावर जायचं ठरवलं, तिचंही तिकीट काढायला निघाल्या. ती नको म्हणाली. तिला तो पंखा आठवत होता, ती ताटली आठवत होती. इतकी आठवण येत होती की बसमध्ये पुढच्या सीटवर कुणी टक्कल असलेला माणूस बसला तरी तिला त्याच्या डोक्यावर ताटली दिसे. शेवटी काकाला न कळवताच ती सकाळच्या बसनं निघाली.

घराला रंग लावला नव्हता. तोच जुना पिवळट रंग, दाराशेजारी पोपडे आलेला. काकूनं तिला बघताच हातातलं भांडं खाली ठेवलं आणि मिठीच मारली. काका आतून आला. दरवर्षी तो दारातच ओरडायचा, “वकीलसाहेब हजर हो!” या वेळी तो म्हणाला, “ये बाळ. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

बाळ!  रागावला असता, दोन शब्द सुनावले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

दोन दिवस असेच गेले. काका तिची विचारपूस करी, अभ्यासाचं विचारी, कलिंगडाची मधली फोड तिच्या ताटात ठेवी. दुपारी जेवणं झाली की मात्र पेपर तोंडावर घेऊन आडवा होई. काकू एकदा म्हणालीच, “अहो, सांगा की काहीतरी. पोरगी एवढ्या लांबून आलीय.” पेपराआडून उत्तर आलं, “आता काही आठवत नाही गं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दुकानात गेली. काका एका शिंप्याची पाटी करत होता. अक्षरं एका रांगेत यावीत म्हणून रंगारी आधी दोरीला खडूची भुकटी चोळतात, दोरी पाटीवर ताणून धरतात आणि मधोमध उचलून सोडतात. पांढरी सरळ रेघ उमटते. याला दोन माणसं लागतात. लहानपणापासून उन्हाळ्यात दोरीचं दुसरं टोक तिच्याकडे असे. आता काकानं ते एका खिळ्याला बांधलं होतं.

तिनं काही न विचारता खिळ्यावरची गाठ सोडली आणि टोक आपल्या हातात धरलं. काकानं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग दोरी ताणली, उचलली, सोडली. रेघ उमटली.

“काका, ते मी लिहिलं होतं.”

“माहितीये.” त्यानं दुसऱ्या रेघेसाठी दोरी खाली घेतली. “टोपीचं घरच्यांशिवाय कुणाला माहीत होतं? आणि तुझ्या बापाला एवढं लांब वाक्य लिहिता येत नाही.”

तिला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. दोरी सैल पडली, रेघ वाकडी आली. काकानं फडक्यानं ती पुसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “काका, मी पुसून टाकलं नंतर, खरंच.”

“वाक्य चांगलं होतं. खोटं कशाला बोलू?” काका पाटीकडे बघत बोलत होता. “वाचल्यावर मलाच हसू फुटणार होतं. पण खाली बघितलं तर आधीच सगळे हसत होते. ती गोष्ट माझ्यावरही आहे गं, तिन्ही टोप्या मीच रंगवल्या, पण ती सांगताना पहिला मी हसतो, मग तुम्ही. तू मला हसायला वेळच दिला नाहीस.”

“मग आज सांग ना. दुपारी. काकूलाही ऐकायचीय.”

“ती आता सगळ्यांना माहितीये,” तो म्हणाला. “परवा बसस्टँडवर एका पोरानं मलाच सांगितली.”

 वकिलानं दोरी पुन्हा ताणून धरली. शिंप्याच्या पाटीवर चार रेघा झाल्या. काकानं पेन्सिल घेतली आणि अक्षरं आखू लागला. दुकानात टर्पेंटाइनचा वास होता, लहानपणापासूनचा. तो नाकात जाताच तिला वाटलं, आत्ता बोलले नाही तर या दुकानात पुन्हा कधीच काही बोलता येणार नाही.

“काका, येताना बसमध्ये काय झालं माहितीये? माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, कानात कापसाचे बोळे घालून. मी तिला तीन तास लोकशाही समजावली. मी जे म्हणेन त्याला ती मान डोलवायची! मला वाटलं, चला, आयुष्यात पहिल्यांदा वादात जिंकले. मग उतरताना तिनं... म्हणजे तिनं ते बोळे काढले आणि मला विचारलं, ‘काही म्हणत होतीस का गं?’”

काका हसला नाही. पाणीही मागितलं नाही. त्यानं पेन्सिल कानावर खोचली.

“कापूस आधीच सांगून टाकलास,” तो म्हणाला. “बोळे शेवटपर्यंत लपवायचे. मान डोलवते, मान डोलवते, आणि मग उतरताना एकदम कान. घाईत सांगितलीस. भीती वाटत होती का?”

“हो.”

“हं.” त्यानं डबा उघडून रंग ढवळायला घेतला. “पुन्हा सांग.”

ती घसा साफ करून सुरू करणार तोच त्यानं ब्रश वर केला.

“आज नाही. आज नीट व्हायची नाही ती. पुढच्या उन्हाळ्यात कर तयार. आणि घरी सांग, तिघांनी मिळून यायचं.”

पुढचा उन्हाळा एक वर्ष लांब होता. तिनं मान डोलावली, आणि त्यानं पुढं केलेलं दोरीचं टोक पुन्हा हातात घेतलं.