बाहुलीचं माप

डोळेवाल्यांनी संसार सोडायची तारीख पक्की केली तेव्हा त्यांच्याकडे तीनच डोळे करायचे राहिले होते. दोन गिऱ्हाइकांचे आणि एक बायकोचा.

खोटे डोळे करणं हा त्यांचा चौतीस वर्षांचा धंदा. अपघातात नाहीतर दुखण्यात एक डोळा गमावलेली माणसं त्यांच्याकडे येत, खिडकीशी खुर्चीत बसत, आणि डोळेवाले त्यांच्या उरलेल्या डोळ्याकडे तासन्‌तास बघत राहत. पांढऱ्या वाटीवर लाल रेशमाचे तंतू चिकटवून शिरा करायच्या, बुबुळाचा रंग सात-आठ थरांत चढवायचा, आणि मधोमध काळी बाहुली बसवायची. खरी मेख इथं. जिवंत बाहुली उजेडात आकसते, अंधारात फुगते, आणि आवडतं माणूस समोर आलं तरी फुगते. खोटीला असले लाड नाहीत. ती बसवली की तेवढीच. म्हणून मधलं माप शोधायचं. त्यासाठी त्यांच्याकडे काळ्या ठिपक्यांची एक पट्टी होती, दोन मिलिमीटरपासून सहापर्यंत. ती डोळ्याशेजारी धरायची आणि जुळणारा ठिपका हेरायचा. डोळेवाल्यांचं माप चुकलं असं म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

म्हणजे, घर सोडून. बायकोचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. ती पहिल्यांदा आली तीही गिऱ्हाईक म्हणूनच, आणि चार बैठकांत होणाऱ्या कामाला डोळेवाल्यांनी अकरा बैठका लावल्या. तिचे वडील चौकशीला आले तेव्हा रंग वाळत नाही म्हणून सांगितलं. पुढे रीतसर लग्न झालं. दर सहा-सात वर्षांनी तिला नवा डोळा, आणि दर खेपेला बाहुली वाजवीपेक्षा मोठी. खुर्चीत माप साडेचार भरायचं. रस्त्यावर गेली की तिची खरी बाहुली तीनवर यायची आणि खोटी साडेचारवर ठाण मांडून बसायची. मेहुणी म्हणायची, "ताई, तुझा डावा डोळा सारखा दचकल्यासारखा दिसतो गं."

कारण डोळेवाल्यांना पाठ होतं. माप घेताना ती त्यांच्याकडे बघत असायची. "जरा भिंतीकडे बघ" एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पाच डोळे झाले, पण त्यांनी तेवढं कधी म्हटलं नाही. तिनंही तक्रार केली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते मास्तरांच्या नादी लागले. मास्तर आधी मोटार चालवायला शिकवत. निवृत्त झाल्यावर ते चित्त आवरायला शिकवू लागले, आणि दोन्हींत फारसा फरक नाही असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी त्यांच्या गच्चीवर सात माणसं डोळे मिटून बसत.

"पाहणारा वेगळा, दिसणारं वेगळं," मास्तर सांगत. "समोरच्या काचेतून रस्ता पळताना दिसतो. तुम्ही बसलेलेच असता. पण तुम्हाला वाटतं, मीच पळतोय. हीच अविद्या."

"पण गाडीत आपणही पळतच असतो की," एकजण म्हणाला.

"तो पुढचा धडा," मास्तर म्हणाले.

डोळेवाल्यांना मात्र हे चटकन पटलं. आयुष्यभर न बघणारे डोळे केलेल्या माणसाला पाहणारा आणि दिसणारं यांतला फरक काय समजावून सांगायचा. त्यांनी साखर सोडली, वर्तमानपत्र सोडलं, पत्त्यांचा डाव सोडला. दुपारची झोपही सोडली होती, पण ती स्वतःहून परत आली. शेवटी मास्तर म्हणाले, इच्छेचं मूळ घरात असतं, ते तिथं राहून उपटत नाही. डोंगरावरच्या आश्रमात एक खोली रिकामी होती. गुरुवारची गाडी ठरली.

स्वतःची डोळेवाल्यांना काळजी नव्हती. काळजी तिची. तिचा जीव आपल्यात अडकलाय, आणि त्याला साडेचार मिलिमीटरचा पुरावा आहे. तिला कसं सांगावं याचे शब्द त्यांनी पंधरा दिवस जुळवले, आणि ती भांडी पुसत असताना सांगून टाकलं.

"मी आश्रमात जायचं म्हणतोय. कायमचं."

"कधी?"

"गुरुवारी."

"मग त्याच्या आत माझा राहिलेला डोळा करून ठेवा. जुन्याला चरा पडलाय."

बिचारी दुःख गिळतेय, असं डोळेवाल्यांनी ठरवलं. त्यांना गहिवरून आलं. पण गहिवर हीही आसक्तीच, म्हणून तो त्यांनी लांब श्वासावाटे सोडून दिला.

सोमवारी ती खुर्चीत बसली. "माझ्याकडे बघ," ते म्हणाले आणि पट्टी धरली. साडेचार जुळेना. चार जुळेना. जुळला तो तीनचा ठिपका. पट्टी उलटी तर धरली नाही ना, हे त्यांनी पाहिलं.

"उजेड जास्त झालाय," म्हणत त्यांनी पडदा ओढला. सव्वातीन.

"वय झालं की बाहुल्या आकसतात," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"असेल," ती म्हणाली.

तेवढ्यात दारातून शेजारणीचं मांजर आत आलं, कोणाची परवानगी नाही की काही नाही, आणि थेट तिच्या पायाशी येऊन बसलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पट्टी अजून डोळेवाल्यांच्या हातातच होती. हाताला चौतीस वर्षांची सवय, त्यानं माप घेऊन टाकलं. साडेचार, आणि वर थोडं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मांजर होय? झाली की दोन वर्षं. तुम्ही गच्चीवर जाता तेव्हा येतं."

डोळेवाल्यांना वाईट वाटलं. साधं, संसारी माणसाला वाटतं तसलं वाईट. जो पाश तोडायला ते दोन वर्षं पहाटे उठत होते तो दुसऱ्या टोकाला कधीच सुटला होता, आणि हे आपले एकटेच दोरी धरून उभे. गच्चीवरच्या सात जणांना जे साधत नव्हतं ते तिला भांडी पुसता पुसता साधलं होतं. समोर नवरा दिसत होता आणि ती बघत होती, बस. त्यांनी साक्षीभाव लावून पाहिला: दुःख होतंय, ते मला दिसतंय, मी फक्त पाहणारा. पण पाहणाऱ्यालाही तितकंच लागलं होतं.

मंगळवारी ते कामाला बसले. पट्टीनं घरचं खरं माप प्रथमच दिलं होतं, तीन. डबीत तीनच्या काळ्या चकत्या वरच होत्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या, तळातून साडेचारची काढली आणि बुबुळाच्या मधोमध बसवली. ठरवून चूक करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

बुधवारी तिनं डोळा बसवून आरशात पाहिलं.

"परत मोठीच झाली बाहुली."

"हो."

"या खेपेला माप बरोबर आलं होतं ना?"

"आलं होतं."

तिनं आरसा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. उजवा डोळा तीनचा, डावा साडेचारचा.

"उद्या किती वाजता निघायचंय?" तिनं विचारलं.

तिच्या डाव्या डोळ्याच्या बरोबर समोर येतील एवढेच डोळेवाले बाजूला सरकले, आणि तिथं उभे राहिले.