बर्फावर गेलेला निखिल

ओमानमधल्या दुक्मला साइटवर पाइपाला हात लावला तर चटका बसत होता, तेव्हा दादांचा फोन आला. "निखिल गेला रे… बर्फावर." ऑगस्टच्या त्या भट्टीत मला आधी काही कळेचना. माझा पुतण्या, पूर्व युरोपातल्या एका डोंगराळ गावच्या क्लबकडून पगारावर आइस हॉकी खेळणारा, सकाळच्या सरावात कोसळला आणि उठलाच नाही.

रत्नागिरीकडच्या माणसाच्या पोराने आइस हॉकी खेळावी, यावर आमच्या घरी थट्टा खूप झाली. मस्कतच्या मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर शिकला तो. अंगाने काटकुळा, पण एकदा अंगावर गेला की समोरचा आडवा. तिथल्या कोचने हेरलं आणि शाळा संपताच बाहेर पाठवलं. मग लांबलांबचे बसप्रवास, पडलेले दात, गुडघ्याचं ऑपरेशन, या क्लबातून त्या क्लबात. नाव मोठं झालं नाही, पण पोट त्यावरच भरलं. वहिनीला ते कधी पटलं नाही. विमानतळावर ती रागात बोलून गेली, "आता बर्फच तुझं घर. इकडे येऊ नकोस." कार्टा आईसारखाच हट्टी. खरंच आला नाही.

मला मात्र फोन करायचा, त्याच्या मोडक्या मराठीत. शेवटचा फोन विचित्र होता. "काका, रिंक एम्प्टी असते ना, मी एकटा प्रॅक्टिस करतो, तेव्हा मागून कोणतरी येते. मी थांबलो की ते पण थांबते."

"झोप काढ जरा," मी म्हणालो.

"भीती नाही वाटत, काका. घरचं कोणतरी वाटते…"

दादा तिकडेच अग्नी देऊन परतले. दहाव्याला वहिनीने मस्कतला, अल् घुब्राच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या फरशीवर तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला. आमच्याकडे ही रीत आहे. वर टोपली झाकायची आणि सकाळी पिठावर गेलेल्याची खूण बघायची. इथे टोपली कुठली मिळायला! कपड्यांची प्लॅस्टिकची बास्केटच पालथी घातली. "अगं, जिथे जीव गेला तिथे करतात हे. इथे काय उमटणार?" दादा म्हणाले.

"मी त्याला येऊ नको म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. "आला की नाही, तेवढंच बघायचंय मला."

सकाळी बास्केट मीच उचलली. माझं आयुष्य लोखंड आणि काँक्रीटमध्ये गेलं, भुताखेतांना मी भीक घालत नाही. म्हणून दिसलं तेवढंच सांगतो. पिठावर दोन बारीक रेघा होत्या, खालची फरशी दिसेल इतक्या खोल, त्याच्या खोलीच्या दिशेने वळलेल्या. खिडक्या बंद होत्या. बोटाने तशी रेघ येत नाही, मी नंतर ओढून पाहिली. आणि पीठ हाताला गार लागत होतं.

वहिनीने वाकून त्या रेघा पाहिल्या. मग तो लहान असताना ओरडायची त्याच आवाजात, बंद दाराकडे बघून म्हणाली, "स्केट्स दाराबाहेर काढून ये म्हणून किती वेळा सांगायचं रे तुला?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

दादांनी आत जाऊन निखिलच्या खोलीचा एसी त्याला लागायचा तसा सोळावर लावला आणि दार हळूच ओढून घेतलं. परवा सुट्टीला त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी त्या दाराशी जमिनीवर बसून भाजी निवडत होती, दाराखालून येणाऱ्या गार हवेत पाय ठेवून.