चोवीस शब्द आणि दोघी जावा

लोकरकाकूंना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर त्या सांगायच्या, "मी स्वेटर विकत नाही. स्वेटर कसा विणायचा, ते विकते." ऐकणारा बुचकळ्यात पडायचा आणि काकूंना त्याची गंमत वाटायची.

तशी गोष्ट साधी होती. तरुणपणापासून त्या लोकरी कपड्यांच्या कारखान्यात नमुने बनवायच्या. नवा स्वेटर आधी त्यांच्या सुयांवर उतरायचा, मग मशीनवर चढायचा. नवरा गेला, पाठोपाठ कारखान्यालाही टाळं लागलं, तेव्हा काकूंनी हातपाय गाळले नाहीत. चौकटीच्या कागदावर नमुने काढायचे, त्यांचे फोटो घ्यायचे आणि इंटरनेटवर विकायचे, असा उद्योग त्यांनी मांडला. गिऱ्हाइकं लांबलांबची. त्यातल्या एकीच्या देशातून बँकेमार्फत पैसे बाहेर पाठवता येत नव्हते. ती म्हणाली, बिटकॉइन चालेल का? काकूंनी एका टोपीच्या नमुन्यापायी होकार दिला. त्या बाईने आपल्या मैत्रिणींना सांगितलं, त्यांनी त्यांच्या मैत्रिणींना, आणि काकूंच्या खात्यात त्या नाण्यांचे तुकडे साठत गेले. उरलेली लोकर पिशवीत टाकून विसरावं तशा त्या विसरल्या. पुढे एकदा सहज बघितलं, तर पिशवी चांगलीच फुगलेली.

घर दुमजली. खाली काकू, वर धाकटे दीर आणि जाऊ. दीर विमा कंपनीत होते. जिना उतरताना एखादी कोपरखळी मारल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नसे. "काय वहिनी, आज हवेत किती टाके घातलेत?"

"घातले तेवढे उसवले नाहीत अजून, भावजी," काकू म्हणायच्या.

जाऊ मात्र जिन्यावरून मुकाट्याने जायची. ती हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात होती. बोलणं तुटलेलं नव्हतं, पण 'पाणी आलं का' आणि 'दार लावून घ्या' यापलीकडे ते जातही नव्हतं. त्याचं कारण पुढे येईलच.

एके सकाळी बातमी आली की नाण्यांची देवघेव करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने लोकांना पैसे काढायला बंदी केली. काकूंचं खातं दुसऱ्या कंपनीत होतं. पण दुधाने तोंड दुसऱ्याचं पोळलं तरी शहाण्याने ताक फुंकून प्यावं, असा त्यांचा स्वभाव. हातातलं काम खाली ठेवून त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

दुकानदार ओळखीचा होता. एका उघड्या लॅपटॉपच्या पोटात पंखा बसवता बसवता त्याने समजावलं. "काकू, वॉलेट म्हणतात खरं, पण त्यात पैसे नसतात. पैसे सगळ्यांच्या समोर, एका जगभरच्या नोंदीत असतात. वॉलेटमध्ये असते ती किल्ली. आत्ता तुमची किल्ली कंपनीकडे आहे. कंपनी म्हणाली उघडत नाही, तर तुम्ही काय करणार?"

"दारात बसणार."

"तेच. मग एक तर फोनमधलं ॲप घ्या. किल्ली तुमच्याकडे येते, सोयीचं पडतं, पण फोन सदा इंटरनेटवर, तिथे चोरांचा राबता. नाहीतर हे असं छोटं यंत्र घ्या." त्याने खणातून अंगठ्याएवढी वस्तू काढली. "किल्ली याच्या बाहेर जातच नाही. सुरू करताना ते चोवीस शब्द देतं, ते लिहून ठेवायचे. यंत्र हरवलं, फुटलं, तरी त्या शब्दांवरून नव्या यंत्रात सगळं परत येतं. पण शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. हे घेऊन जा, एकदाच उघडलंय, निम्म्यात देतो. शब्दही मीच काढून लिहून देईन."

माणूस वाईट नव्हता. मदत म्हणूनच बोलत होता. पण काकू म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सुया मी खुशाल वापरते. दुसऱ्याने बनवलेली किल्ली मात्र नको. यंत्र मी बनवणाऱ्याकडूनच मागवते. तुम्ही समजावलंत त्याचे पैसे घ्या."

पैसे त्याने घेतले नाहीत. काकूंनी पुढच्या खेपेला त्याच्यासाठी हातमोजे नेले, बोटं उघडी राहतील असे.

यंत्र येईपर्यंत आठवडा गेला आणि त्या आठवड्यात दुसरंच काही घडलं. दुपारची वेळ होती, जाऊ कामावर होती. दीर खाली आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि कोपरखळी न मारता म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राचं आहे."

काकूंनी सुया खाली ठेवल्या.

"त्याने ही नाणी घेतली होती. थोडीच. फोनमध्ये एक वॉलेट टाकलं, जाहिरात बघून. त्यात त्याला निरोप आला की खात्री करण्यासाठी तुमचे शब्द भरा. त्याने भरले."

"आणि?"

"सकाळी उघडून बघितलं तर शून्य. तक्रार कुठे करायची असते?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. वर्षानुवर्षं लोकांना विम्याचे बारीक अक्षरातले नियम वाचून दाखवणारा हा माणूस, दाढी न करता बसला होता. "पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार करायला सांगा त्याला," त्या म्हणाल्या, "पण आशा धरू नका म्हणावं. तिथून गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. आणि भावजी, त्याला हेही सांगा की बायकोला आजच सांग. उद्या सांगणं आणखी जड जातं."

दीर आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "मित्र कसला, वहिनी."

"ते कळलं मला. चहा टाकते."

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर आवाज चढले, मग बसले. दुसऱ्या दिवशी दीर तक्रार नोंदवून आले. पुढे त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

यंत्र आलं. काकूंनी आधी खोक्याचं सील निरखलं, मग दार लावून बसल्या. यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर एकामागून एक इंग्रजी शब्द आले. लिहायला खोक्यातच कार्ड होतं, पण त्यावर कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं. चोराला घराचा पत्ता देण्यासारखंच ते. काकूंनी कार्ड बाजूला सारलं, आपला नेहमीचा चौकटीचा कागद ओढला आणि शब्द उतरवले. यंत्राने अधूनमधून विचारून खात्री केली, नववा शब्द कोणता, सतरावा कोणता. काकूंनी न अडखळता उत्तरं दिली. मग कंपनीच्या खात्यातून एका टोपीच्या नमुन्याची किंमत होईल इतकीच रक्कम यंत्राच्या पत्त्यावर, म्हणजे त्याने दाखवलेल्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक ओळीवर, पाठवली. पत्ता यंत्रावरचा आणि लॅपटॉपवरचा अक्षर न् अक्षर जुळवून बघितला. रक्कम पोचली.

इथे दुसरा कुणी असता तर उरलेली रक्कमही लगेच पाठवून मोकळा झाला असता. काकू थांबल्या. नमुना विकण्याआधी तो अनोळखी हातांनी विणून बघायचा, हा त्यांचा कारखान्यातला शिरस्ता. आपल्याला येतं म्हणजे दुसऱ्याला येईलच असं नसतं. आणि आपण काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. मग हे शब्द द्यायचे कुणाला? दीर प्रेमळ, पण पोटात काही राहत नाही, आणि नुकतेच ठेच खाऊन बसलेले. भाची दूर. फिरून फिरून एकच नाव समोर येत होतं, आणि त्या नावाशी त्या धड बोलतही नव्हत्या.

सुटीच्या दिवशी काकूंनी जिन्याखालून हाक मारली. "येतेस का जरा खाली? काम आहे."

जाऊ आली. काकूंनी सगळं सांगितलं आणि यंत्र हातात घेऊन 'सगळं पुसून टाका' हा पर्याय दाबला.

"ताई! अहो काय केलंत हे?" जाऊ उभीच राहिली. घरात एकदा शून्य बघून झालेलं होतं.

"पुसलं. आता ते तू परत आणायचंस. समज, मी नाहीये. मी तिकडे खिडकीत बसते, मला काही विचारायचं नाही."

जाऊने कागद घेतला. चौकटीत सहा ओळी, प्रत्येकीत चार शब्द, अक्षर मोत्यासारखं. तिने एकेक शब्द भरला. यंत्राने नाही म्हटलं. पुन्हा भरला, बोट ठेवून, ओठ हलवत. पुन्हा नाही.

"ताई, शब्द चुकलेत."

"मी इथे नाहीये."

"नसाल, पण शब्द चुकलेत!"

काकू उठून आल्या. कागद बघितला. एकही शब्द चुकलेला नव्हता. "वाच बघू कसे भरलेस."

जाऊने वरच्या ओळीवर डावीकडून बोट फिरवायला सुरुवात केली आणि काकूंनी कपाळावर हात मारला. विणकामाचा नमुना खालून वर वाचतात. तळाच्या ओळीत उजव्या कोपऱ्यातून सुरू करून डावीकडे जायचं, वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे परतायचं, कारण सुयाही तशाच जातात आणि येतात. चौकटीचा कागद समोर आल्यावर काकूंच्या हाताने जन्मभराच्या सवयीने तेच केलं होतं. पहिला शब्द उजवीकडे तळाशी होता, आणि वाचतानाही त्यांना ते वेगळं वाटलं नव्हतं.

"म्हणजे चोरालाही उघडलं नसतं," जाऊ म्हणाली.

"आणि तुलाही नसतं. मी जिवंत असेपर्यंतच उघडणारं कुलूप काय कामाचं?" असं म्हणता म्हणता काकूंना हसू फुटलं. जाऊलाही आवरेना. दोघी इतक्या हसल्या की वरून दीर डोकावले आणि काही न विचारता परत गेले.

नव्या कागदावर जाऊनेच शब्द लिहिले, सरळ, एकाखाली एक, आकडे घालून. मग त्याच कागदावरून एकटीने भरले. यंत्र उघडलं. टोपीची किंमत जशीच्या तशी होती.

जुना कागद काकूंनी गॅसवर धरून जाळला. नवा जाऊकडे सरकवला. "हा तुझ्याकडे. माझ्यासाठी एक मी लिहून ठेवीन. यंत्र माझ्या कपाटात. हे शब्द म्हणजे माझं सगळं आहे, हे कळतंय ना?"

जाऊने कागदाला हात लावला नाही. "माझ्याकडे का?"

काकूंनी गॅसवर पडलेली राख फडक्याने टिपली. नवऱ्याचा खोकला हटेना तेव्हा त्याच्या छातीचा एक्स-रे याच जाऊने काढला होता. काय आहे ते तिला तिथेच दिसलं असणार. ती घरी आली, समोर बसून चहा प्यायली, बसच्या गर्दीवर बोलली. डॉक्टरांनी सांगितलं ते दोन दिवसांनी. 'तुला माहीत होतं आणि तू माझ्यासमोर चहा प्यायलीस,' एवढंच काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि तिथून पुढे जिन्यावरची बोलणी मोजकी झाली होती.

"तू तेव्हा तोंड उघडलं नाहीस," काकू म्हणाल्या. "मला फार राग होता. अजून थोडा आहे. पण तेव्हा नाही उघडलंस, तर आताही नाही उघडणार."

"सांगायची परवानगी नसते आम्हाला," जाऊ म्हणाली. "आणि मला वाटलं, डॉक्टर म्हणतील, हिला काही कळत नाही, तसलं काही नाहीये. मी वाट बघत होते तसं म्हणण्याची. तो चहा घशाखाली उतरत नव्हता, ताई."

हे काकूंना आजवर माहीत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि जाऊच्या हातात ठेवली. तिने ती घेतली.

कागद कुठे ठेवणार, असं काकूंनी विचारलं नाही. जाऊनेच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून सांगितलं, "सासूबाईंच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं पाकीट आहे अजून कपाटावर. त्यात कोण बघतंय?"

उरलेली रक्कम काकूंनी पुढच्या दिवसांत थोडी थोडी करून यंत्रावर घेतली आणि कंपनीचं खातं रिकामं केलं. ती कंपनी काही बुडाली नाही, आजही चालू आहे. नाण्यांचा भाव त्यानंतर निम्म्यावर आला, मग पुन्हा वर गेला. दीर दर वेळी जिन्यावरून बातमी सांगत आणि काकू "हो का" म्हणत.

दोन वर्षांनी काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पडद्यावरचा पत्ता जुळवणं राहू द्या, सुईवरचा टाकाही दिसेना. शस्त्रक्रियेसाठी पैसे लागणार होते. जाऊने टेबलाशी बसून यंत्र जोडलं, काकूंना पिन विचारला, पत्ता मोठ्याने वाचत दोनदा जुळवला आणि लागेल तेवढीच नाणी मोडली.

"किती राहिली?" काकूंनी विचारलं.

जाऊने आकडा सांगितला. काकूंनी तो पुन्हा तपासायला कुणालाच सांगितलं नाही. पट्टी निघाल्यावरही नाही.