व्याह्याची बांधी

कोंढा गावचे खुशाल मास्तर वाघाला भीत नसत, पटवाऱ्याला भीत नसत. बायकोला, रत्नाबाईंना भीत, पण ते तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. अशा माणसाचे हातपाय एका कागदापायी गळतील, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एकोणऐंशी साली त्यांनी धानाची वही काढली होती. कोणत्या रोगावर काय केलं, कोणतं बी कुठे पिकलं, हे ज्याने स्वतः करून पाहिलं त्याने तीत लिहायचं. नक्कल कोणीही फुकट न्यावी, चूक कोणीही दाखवावी. नियम मात्र मास्तरांचे, पहिल्या पानावर लाल शाईत: नाव लिहा, गाव लिहा, आणि औषध किती बांधीला टाकलं ते लिहिताना बांधीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून लिहा. कारण बांधी म्हणजे बांधाने अडवलेला धानाचा तुकडा. तो एका गावात अंगणाएवढा, तर दुसऱ्या गावात बाजाराएवढा. गावातल्या श्यामरावांचं पान पावलांपायी त्यांनी तीनदा परत केलं. चौथ्यांदा श्यामराव म्हशीची लांबीही लिहू का, असं विचारून गेले.

पोळ्याला व्याही आले. तुमसरकडचे केशवराव. मास्तरांच्या शकुनला त्यांच्या घरी नांदायला जाऊन सहाच महिने झालेले. जेवून हात धुता धुता त्यांनी धानावरच्या तुडतुड्या किडीवरचा आपला उपाय सांगितला: एका बांधीला अर्धा डबा औषध. ते टिपून घेणाऱ्या मास्तरांचा टाक थांबला. बांधी केवढी, हे विचारायचं होतं. पण व्याह्याला त्याच्या जमिनीचं माप विचारणं म्हणजे मुलगी दिल्यावर घर तपासणं. गावच्या माणसाला तीनदा परत पाठवणाऱ्या मास्तरांनी व्याह्याला विडा दिला आणि पान तसंच उतरवलं. आठवड्यात अकरा नकला गेल्या.

मग शकुन माहेरी आली. चुलीपाशी आईला सासर सांगत होती. आमची एक बांधी तुमच्या चार बांध्यांएवढी, या टोकाची हाक त्या टोकाला जात नाही, म्हणाली. ओसरीत चहा पीत बसलेल्या मास्तरांनी ते ऐकलं. इथल्या एका बांधीला अर्धा डबा म्हणजे चौपट विष. आणि गावातल्याच डोमाने कालच नक्कल नेली होती.

चप्पल न घालता ते डोमाच्या शेताकडे निघाले. एरवी कासवाला वाट देणारा माणूस, पण त्या दिवशी बांधावरून पळताना दोनदा चिखलात बसला. डोमा पंप बाजूला टाकून बांधावर डोकं धरून बसला होता. ओठ पांढरे, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी.

"मास्तर, डोकं फिरून राहिलं," तो म्हणाला. "तुमच्या वहीतलंच टाकलं मी."

मास्तरांनी त्याचे कपडे काढले, तिथल्या विहिरीचं पाणी बादल्यांनी ओतलं आणि बैलबंडीत घालून पवनीच्या दवाखान्यात नेलं. दिवसभर ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सगळी वही त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी स्वतःच्या गावाचं नाव विचारलं असतं तर चुकले असते. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचेल. अजून एक पंप मारला असता तर सांगता आलं नसतं.

उरल्या दहा नकला कुठे गेल्या, ते मास्तरांना ठाऊक होतं. एक लाखांदूरला, दोन अड्याळला, बाकीच्या आसपास. घरी येऊन त्यांनी दुरुस्तीचा कागद लिहायला घेतला. शकुन दारात उभी राहिली.

"बाबा, मामाजीचं नाव नोका टाकू. मले त्याच घरात नांदाचं हाये."

मास्तरांनी तिच्या सासऱ्याचं नाव गाळलं. मग लिहिलं: हे औषध टाकू नका. माप न विचारता पान घेतलं, चूक खुशालची. त्याच बैठकीत दुसरं पत्र केशवरावांना लिहिलं: आपल्या बांधीची लांबी-रुंदी पावलांत कळवावी. शकुनने ते वाचलं आणि आत जाऊन आपली पिशवी भरायला घेतली. दहाही नकलांच्या मागे मास्तर स्वतः एस्टीने फिरून आले. दोन ठिकाणी पीक जळालं होतं, माणसं धड होती. तेवढ्यात शकुन सासरी परतलीही.

पंधरा दिवसांनी व्याह्यांचं कार्ड आलं. लांबी एकशे दहा पावलं, रुंदी ऐंशी. वर ना नमस्कार, खाली ना लेकीची खुशाली. मास्तरांनी ते वहीत चिकटवलं.

दिवाळीला शकुनला आणायला व्याह्यांच्या दारी कोण जातं, असं रत्नाबाईंनी विचारलं. मास्तर पाणी प्यायला उठले. पुन्हा विचारलं, तेव्हा ते पुन्हा पाणी प्यायला उठले.